गुंतवळाची पुडी

रविवारी संध्याकाळी कर्टिसची गाडी दारात थांबली की रोशेल पोरीच्या तोंडाकडे नंतर बघे, आधी डोक्याकडे.

आजही तसंच झालं. नायला उतरली, बापाला हात हलवला, पाठीवरची पिशवी सावरत पायऱ्या चढली. कपाळापासून मानेपर्यंत बारीक बारीक वेण्या, डोक्याला चिकटून घातलेल्या, भुईमुगाच्या शेतातल्या सऱ्यांसारख्या. मध्येच वळण घेऊन कानामागे गेलेल्या. टोकांना निळे-पांढरे मणी. पोर चालली की ते किणकिणत. फक्त कपाळावरचे केस मोकळे ठेवलेले, स्प्रिंगांसारखे उड्या मारणारे.

"आई, मागे बघ ना! गोगलगाय!"

नायला गर्रकन वळली. मागे, बरोबर मधोमध, एका वेणीची गोगलगाय वेटोळं घालून बसली होती.

"छान आहे," रोशेल म्हणाली. "रडलीस किती?"

"नाही रडले."

"अजिबात?"

"मिस सिमोन म्हणते, दुखलं की 'थांब' म्हणायचं. मी म्हटलं थांब, ती थांबली. मग आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. मग परत."

रोशेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हीच कार्टी तिच्या हाताखाली बसली की असा टाहो फोडायची, की शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर लूथरनी एकदा कुंपणावरून डोकावून विचारलं होतं, "पोरगी आहे का डुक्कर कापताय?" डोकंच हळवं तिचं, जन्मापासून. फणी नुसती दिसली तरी डोळे भरायचे. आणि तिकडे जाऊन शेंगा खाते!

नायलाने पिशवीत हात घातला आणि पुडी काढून आईच्या हातात ठेवली. पांढऱ्या कागदी रुमालाची, निळ्या दोऱ्याने बांधलेली नीटस पुडी. आत फणीत आलेलं गुंतवळ.

ही पुडी दर खेपेला यायची. विंचरलेले केस बाहेर टाकले आणि पाखराने घरट्याला नेले, तर ज्याचे केस त्याचं डोकं जन्मभर ठणकतं, हे डोथन गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि कुणा वाईटावरच्या माणसाच्या हाती लागले तर काय होतं, ते मोठी माणसं पोरांदेखत बोलत नाहीत. कर्टिसने सिमोनशी दुसरं लग्न केलं त्याच आठवड्यात रोशेलने नायलाला समोर उभं करून बजावलं होतं, "त्या घरात केस विंचरले तर गुंतवळ सगळं इकडे आणायचं. एक केस मागे ठेवायचा नाही. विचारलं तर सांग, आईने सांगितलंय." तेव्हा पाच वर्षांची होती नायला. तिने ते शब्दाला शब्द तिकडे सांगितलं असणार. त्यावर ती बाई काय म्हणाली, हे रोशेलने कधी विचारलं नाही. पुडी मात्र चुकली नाही.

मागच्या पायरीवर पत्र्याच्या डब्यात रोशेलने पुडी पेटवली. केस तडतडले, जळका वास आला, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. निदान हे तरी माझ्या हातात आहे.

बुधवारपर्यंत तिने वेण्या सोडल्या. धुवायला झाल्या म्हणून. धुवायला कुठे झाल्या होत्या!

*

खरं दुखणं चर्चमध्ये होतं. प्रार्थना संपली की बायका नायलाभोवती जमत आणि तिच्या डोक्याला हात लावत. हात आधी, विचारणं मागून.

"केवढे वाढले गं केस! काय लावतेस, रोशेल?" सिस्टर युनिस विचारायच्या. ईस्टरला पोरांनी म्हणायच्या कवितांचे पाठ त्याच बसवून घ्यायच्या, आणि गावातल्या प्रत्येक डोक्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता.

रोशेल तोंड उघडायच्या आत नायला बोलून मोकळी व्हायची. "मिस सिमोन घालते वेण्या."

"ती? जिच्या स्वतःच्या डोक्यावर कापसाचं बोंड फुटलंय, ती?"

बायका खो खो हसायच्या. रोशेल सगळ्यांत मोठ्याने.

सिमोनचं ते बोंड गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाआधी बँकेत होती, तेव्हा एके दिवशी सरळ केलेले सगळे केस कातरून, डोक्यावर बोटभर कुरळं रान घेऊन ती काउंटरवर बसली. साहेब म्हणाला, जरा नीटनेटकी येत जा. ती म्हणाली, यापेक्षा नीट मी कधीच नव्हते. महिनाभरात तिने ती नोकरी सोडली आणि वाचनालयात पोरांना गोष्टी सांगायला लागली. एवढं होऊनही चर्चमध्ये ताठ मानेने यायची. बायका मागच्या बाकांवरून कुजबुजत, "हिच्या घरी आरसा नाही का?" पण तिच्या हातच्या वेण्या बघून त्याच बायकांचे डोळे विस्फारत. डोकं नको, हात हवे.

रोशेलला मात्र तिचं डोकंही नको होतं आणि हातही.

"हातगुण असतो, बाई," रोशेलची आई पर्लीन म्हणायची. पर्लीन पाऊणशे वर्षांची होती. गुडघे गेलेले, पण जिभेला अजून धार होती. "तुझ्या आत्याला होता. तिने खराट्याला वेणी घातली असती तर खराटा वाढला असता. माझ्या हाताला नव्हता. तुझ्याही नाही."

"आई, तू माझ्या बाजूची आहेस की तिच्या?"

"मी केसांच्या बाजूची आहे. तुझं डोकं बघ, माझा हात कसा होता ते कळेल."

हे ती हसत म्हणायची, पण रोशेलला हसू येत नसे. ती सहा वर्षांची असताना पर्लीनने तिच्या केसांना ते पांढरं मलम लावलं, सरळ करायचं. डोक्याला आग लागल्यासारखं झालं होतं, खपल्या धरल्या होत्या. आई फुंकर घालत होती आणि म्हणत होती, "थोडं सोस, राणी. शाळेत कुणी हसणार नाही." खरंच कुणी हसलं नव्हतं. त्यानंतर दर दोन महिन्यांनी मलम. कपाळावरचे केस हळूहळू मागे सरकले, कानांशी टक्कल दिसायला लागलं, आणि तिशीच्या आत रोशेलच्या डोक्यावर केसांचा टोप आला. चांगला, महागातला, खांद्यापर्यंत रुळणारा. दातांच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसते. पेशंट येता-जाता म्हणतात, काय सुंदर केस आहेत तुमचे. ती थँक्यू म्हणते.

आपले स्वतःचे केस कसे वळतात, हे मात्र रोशेलला ठाऊक नव्हतं. सहाव्या वर्षापासून तिने ते पाहिलेच नव्हते.

*

त्या वर्षी ईस्टर रोशेलच्या वाट्याला आला. दोन शनिवार-रविवार सलग पोर तिच्याकडे असणार होती. पाठ म्हणायला नायला सगळ्या गावापुढे उभी राहणार, आणि कर्टिस त्या बाईला घेऊन ऐकायला येणार.

"तिचे केस मी सरळ करणार आहे," रोशेलने आईला सांगितलं.

पर्लीनने मटार सोलता सोलता वर पाहिलं. "मलम?"

"नाही गं. तापल्या फणीने. ईस्टरपुरते. तू स्वतःचे करायचीस तसे. एकदा लांबी तरी दिसू दे लोकांना. वेण्यांमध्ये काय कळतं?"

"लांबी कुणी वाढवली?"

"पोर माझी आहे, आई!"

"बरं, बरं. माझ्यावर कशाला ओरडतेस? फणी खालच्या फडताळात आहे."

शनिवारी दुपारी पर्लीनच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. शेगडीवर लाकडी मुठीची जुनी पितळी फणी, बाजूला केसांच्या तेलाची डबी, खुर्चीवर दोन उशा आणि त्यावर नायला, खांदे कानांपर्यंत वर घेऊन बसलेली. खिडकीबाहेर एप्रिलचं दमट, चिकट ऊन होतं.

"आधी कागदावर टेकव," पर्लीन कोपऱ्यातून म्हणाली. "कागद पिवळा पडला तर थांब. आणि एका बटेवरून एकदाच. फार तर दोनदा."

"मला माहीत आहे."

सुरुवातीला तिने प्रत्येक वेळी फणी कागदावर टेकवली. मागचे केस सुरेख झाले. चर्र आवाज, तेलाचा धूर, आणि आखडून बसलेले कुरळे कुरळे केस एकदम सुटून पाठीवर पडायचे. रोशेलला स्वतःलाच विश्वास बसेना. केवढे हे! कमरेला टेकायला थोडेच बाकी. सिमोनने हे असे बांधून, दडवून ठेवले होते. उद्या लोक बघतील.

"थांब," नायला म्हणाली.

"झालंच, बाळा."

"आई, थांब ना. कान भाजतो."

"कान धरून बस. हलू नकोस, हललीस की भाजतं."

"मिस सिमोन थांबते."

रोशेलने दात आवळले आणि पुढचे केस हातात घेतले. ते मोकळे, उड्या मारणारे. मागच्यांपेक्षा बारीक होते ते, पण हट्टी. सरळ केले की दमट हवेने दोन मिनिटांत मुळाशी परत फुगायचे. एकदा फिरवली, फुगले. दुसऱ्यांदा फिरवली, जरा बसले. दारातून आरशात बघितलं तर मुळाशी अजून गाठ. उद्या सगळ्यांची पहिली नजर कपाळावरच जाणार. तिने फणी शेगडीवर पुन्हा ठेवली, लाल व्हायच्या बेताला उचलली आणि कागद विसरली. विसरली म्हणा, की टाळला म्हणा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

"रोशेल," पर्लीन म्हणाली, "वास येतोय."

"तेलाचा आहे."

नायला रडत होती, पण आवाज न करता. ओठ मुडपून. आईच्या हाताखाली एवढी गप्प ती कधी रडली नव्हती, आणि रोशेलला वाटलं, बघा, माझ्याकडेही शहाण्यासारखी बसते.

*

ईस्टरचा दिवस रोशेलचा होता, यात शंकाच नाही.

पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे, आणि पाठभर काळंभोर रेशीम. नायला दारातून आत आली आणि पंखे हलवणाऱ्या बायकांचे हात थबकले.

"अगं बाई! याला म्हणतात केस!" सिस्टर युनिस म्हणाल्या. "इतके दिवस कुठे लपवले होतेस?"

"मी केले," रोशेल म्हणाली. कुणी विचारायच्या आधीच.

कर्टिस आणि सिमोन मधल्या बाकावर येऊन बसले होते. रोशेलने तिकडे पाहिलं नाही, म्हणजे नीटच पाहिलं. सिमोनने निळा पोशाख घातला होता आणि डोक्यावर तेच रान, आता जरा वाढलेलं, कानामागे पांढरं फूल खोवलेलं. मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "फुलाला कुंडी बरी मिळाली," आणि दोघीतिघी फिसफिसल्या.

नायला पुढे उभी राहिली. एका हाताने केस सारखे कपाळावरून मागे सारत होती, जणू कुणा दुसऱ्याचे केस तिच्या डोक्यावर ठेवलेत.

"मी आहे छोटी, माझं बोलणंही छोटं," ती म्हणाली, आणि अडली. तिने बाकांकडे पाहिलं. रोशेलने ओठांनीच पुढचा शब्द सांगितला. पण पोरीची नजर मधल्या बाकावर होती, आणि तिथे सिमोनही ओठ हलवत होती. "आजचं मन मात्र आभाळाएवढं मोठं!"

टाळ्या पडल्या. रोशेलला त्या ऐकू आल्या नाहीत. तिलाही पाठ आहे. त्या घरात पाठ करून घेतला.

बाहेर अंगणात ती दोघं भेटायला आली. "छान म्हटलंस, नायला," सिमोन म्हणाली. तिचा हात सवयीने पोरीच्या डोक्याकडे गेला, कपाळाजवळ थांबला आणि खाली आला. तिने त्या पुढच्या केसांकडे असं पाहिलं, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात. दूध दुसऱ्याच्या चुलीवर असल्यावर माणूस काय करणार?

कर्टिसने मात्र मान वाकडी करून पोरीला न्याहाळलं आणि हसून म्हणाला, "अगदी तुझ्यासारखी दिसते गं, रोशेल. लग्नाच्या वेळची तू."

सिमोन पायांखालच्या गवताकडे बघू लागली. रोशेलला इतकं गोड वाटलं, इतकं, की घरी जाईपर्यंत जिभेवर चव राहिली.

*

मंगळवारी तिने नायलाचं डोकं धुतलं. ओलं झाल्याबरोबर मागचे केस आपल्या घरी परत आले. आखडले, वळले, फुलले. नायला टबात बसून एकेक बट ओढायची, सोडायची आणि "टुंग!" म्हणायची.

"टुंग. टुंग. आई, ही उडी मारत नाही."

"कुठली?"

"ही पुढची. ही पण नाही."

रोशेलने हाताने पाणी मारलं. बट मेलेल्या पोपटाच्या पिसासारखी कपाळाला चिकटून राहिली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. तिने आणखी पाणी मारलं, बोटाभोवती गुंडाळून धरली, सोडली. सरळ. टोकाशी तांबूस, हाताला खरखरीत. फणी फिरवली तर दातात तुटके तुकडे आले.

केस जळतात आणि परत वळत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून तर कागद असतो.

"झोपले असतील ते," नायला म्हणाली.

"हो, बाळा. झोपले असतील."

पोरीला टीव्हीसमोर बसवून रोशेलने आईला फोन केला. पर्लीनने ऐकून घेतलं, "मी म्हटलं नव्हतं वास येतोय?" हे दोनदा म्हणून घेतलं, आणि मग ती आईच्या आवाजात बोलली. "हे बघ. शुक्रवारी तो न्यायला येईल, तेव्हा दिसणारच. तू आधी बोल. म्हणावं, तुझ्या बायकोच्या घट्ट वेण्यांनी मुळं सैल झाली. बाप्याला केसांतलं काय कळतंय!"

रोशेलने दोन तास फोनला हात लावला नाही. भांडी घासली. मग कर्टिसला फोन लावला आणि तिच्या तोंडून ते निघालं. निघालं ते इतकं सरळ, की जणू खरंच होतं. "पोरीचे पुढचे केस गेलेत, कर्टिस. किती घट्ट ओढते ती! तुला दिसत नाही का?"

पलीकडून, "बोलतो मी सिमोनशी."

तिने फोन ठेवला आणि वळली तर दारात नायला उभी.

"आई, पुढे वेण्या नव्हत्याच."

"मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं नाही."

"हो, आई." ती गेली नाही. पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिली. "पण मिस सिमोनला वाईट वाटेल ना? ती पुढचे केस मोकळे ठेवते, नाजूक आहेत म्हणून. ती म्हणते, पुढचे केस आईसारखे आहेत."

"कुणाच्या आईसारखे?"

"तुझ्या. म्हणजे, तू माझी आई ना? तुझ्यासारखे." नायलाला आश्चर्य वाटलं, आईला एवढंही कसं कळत नाही. "मी विचारलं, तुला कसं माहीत, तू तर आईचे केस पाहिले नाहीस. तर म्हणाली, कुणाकडून तरी आले असणार ना? माझ्याकडून तर नाही आले."

रोशेल खुर्चीवर बसली. तिचा जळफळाट झाला, आणि तो कशाचा हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्या बाईने तिचं डोकं न बघता ओळखलं होतं. तिच्या पोरीच्या कपाळावर ते राहत होते, तिचे केस, सहाव्या वर्षानंतर हरवलेले. आणि ते तिने स्वतःच्या हाताने जाळले.

*

शुक्रवारी कर्टिस शाळेतून परस्पर पोरीला न्यायचा. त्या शुक्रवारी रोशेलने त्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि नायलाला शाळेतून घेऊन स्वतः त्याच्या घरी गेली. त्या घराच्या आत तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

सिमोन ओसरीवर बसली होती. समोर शेंगांचं पातेलं, पण सोलत नव्हती. मांडीवर हात उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. रोशेलला बघून उभी राहिली.

"कर्टिस म्हणाला," ती म्हणाली. "माझ्यामुळे म्हणून. मी सारखी आठवतेय, कुठे ओढलं, कधी ओढलं—"

"तू नाही ओढलंस. माझ्या फणीने झालं. ईस्टरला. मी त्याला खोटं सांगितलं."

रोशेलने ते एका दमात सांगितलं, नाहीतर अर्ध्यावर गिळलं असतं.

सिमोन खाली बसली. मग म्हणाली, "चर्चमध्येच दिसलं होतं मला."

"मग तोंडाने बोलायचं होतंस!"

"काय बोलू? कोण मी? सगळ्या बायकांसमोर तुला सांगू, की तू तुझ्या पोरीचे केस जाळलेस? मी, ही कुंडी?"

म्हणजे ऐकलं होतं तिने. रोशेलच्या कानशिलांवर घाम आला, टोपाच्या कडेखाली.

नायला या दोघींकडे आळीपाळीने बघत होती, टेनिस बघतात तशी. "मी शेंगा खाऊ?" तिने विचारलं. "तुम्ही भांडताय तोवर?"

सिमोनला हसू फुटलं. नको असताना रोशेललाही. "खा," दोघी एकदम म्हणाल्या.

आत स्वयंपाकघरात बुटकं स्टूल ठेवलेलं होतंच, आपलं असल्यासारखी नायला पातेलं घेऊन त्यावर जाऊन बसली, मागे खुर्चीत बसलेल्या सिमोनच्या गुडघ्यांमध्ये, आणि डोकं मागे टेकलं. रोशेलला कळ आली. कबूल केलं की मत्सर जातो असं थोडंच आहे? तो तिथेच होता, चांगला जागा, खुर्ची ओढून बसलेला.

सिमोनने पाण्याचा फवारा मारला आणि बोटांनी एकेक बट तपासली. "मुळाशी जिवंत आहेत. हे बघ, अर्धं बोट वाचलंय, वळतंय. वरचं मेलेलं कापावं लागेल. नाहीतर तुटत तुटत वर चढेल." तिने कात्री उचलली, आणि मग खाली धरली. "तू सांग. पोर तुझी आहे."

हे वाक्य रोशेल दोन वर्षं ऐकायला टपली होती. आज ते मिळालं आणि हातात कात्रीसारखं गार लागलं.

"काप," ती म्हणाली.

कच्. कच्. पांढऱ्या फरशीवर सरळ, तांबूस केस पडत गेले. नायला डोळे मिटून होती. "दुखत नाही," तिने जाहीर केलं. "मेलेलं दुखत नाही."

कापून झाल्यावर सिमोन खाली बसली आणि तळहाताने केस गोळा करू लागली. एकेक. टेबलाच्या पायापाशी उडालेला एक, तोही. मग तिने खण उघडला. खणात कागदी रुमालांचा गठ्ठा होता आणि निळ्या दोऱ्याचं एक मोठं रीळ. दुसऱ्या कशासाठी नव्हतं ते, दिसतच होतं. तिने सवयीने पुडी घातली, दोरा गुंडाळला, दाताने तोडला आणि रोशेलपुढे धरली.

रोशेलने हात पुढे केला नाही.

"पहिल्यांदा पोरीने सांगितलं ना," सिमोन पुडीकडे बघत म्हणाली, "तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, काय समजतात या मला? चेटकीण? कर्टिसला म्हटलं, मी हात नाही लावणार हिच्या केसांना. मग तीच फणी घेऊन आली. आणि नंतर तर तीच खाली वाकून शोधायला लागली. 'हा राहिला, हा आईचा.'" तिने श्वास घेतला. "वेण्या तू बुधवारी सोडतेस, मला माहीत आहे. गुंतवळ तू जाळतेस. पाठ म्हणताना तुझ्यासारखी दिसते. माझ्याकडे या पोरीचं काही राहतच नाही, रोशेल. तुला कशाचा एवढा राग येतो?"

बाहेर कुत्रं भुंकलं. नायला शेंगेचं टरफल चोखत होती.

आपल्याकडेही कुणी जळत बघत असेल, हे रोशेलच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला, क्षणभर अगदी आवडलं. मग नाही आवडलं.

"काडीपेटी आहे तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"का?"

"ते इथेच जाळ. तूच जाळ."

सिमोनने तिच्याकडे पाहिलं. मग पुडीकडे.

"आई, पण तू म्हणालीस एक केससुद्धा—"

"मी म्हणाले होते. आता हे म्हणतेय."

सिमोन मागच्या दाराने अंगणात गेली. जाळीच्या दारातून तिची पाठ दिसत होती, वाकलेली, वाऱ्याला आडोसा करणारी. स्टूलमागची खुर्ची रिकामी होती. नायलाचं डोकं अर्धं झालं होतं. मागे वेण्या घालायच्या राहिल्या होत्या, आणि पुढे कपाळावर अर्ध्या अर्ध्या बोटाचे कुरळे केस, ओले, हट्टी, वळून बसलेले. रोशेल खुर्चीत बसली. तिने त्यांच्यावर बोट फिरवलं. ते बोटाखाली दबले आणि सोडताच परत उभे राहिले. टुंग.

तिने मागची एक बट उचलली, तीन पदर केले आणि पहिला पेड घातला.

नायलाची मान ताठ झाली. खांदे हळूहळू कानांकडे चढले. मग, काही दुखत नसताना, नुसतं बघायला म्हणून, ती बारीक आवाजात म्हणाली, "थांब."

रोशेलचे हात होते तिथे थांबले. पेड तसाच बोटांत धरून ती बसून राहिली. जाळीच्या दारातून केस जळल्याचा वास आत आला.

नायलाने पातेल्यातून एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावून संपवले.

"हं," ती म्हणाली. "आता घाल."